सात नंबरची शीळ

राहू गावात नदीकडच्या वस्तीवर सकाळी सातला उभं राहिलं की शीळ ऐकू येते. खालून उठते, वर जाऊन लांबते आणि संपताना हलकेच उतरते. नवखा माणूस मान वळवून बघतो, की हा कोण टवाळ सकाळच्या पारी शिळा घालतोय! तो टवाळ म्हणजे आमची रंभाबाई. वय बावन्न, डोक्यावर पदर, हातात बादली, आणि पुढ्यात हौदाला तोंड लावलेल्या दोन गाया आणि एक म्हैस.

जनावरांना पाणी दाखवताना शीळ घालायची ही आपल्याकडची जुनी रीत. शीळ चालू आहे तोवर जनावर पितं, थांबली की मान वर काढून मालकाकडं बघतं. का, ते जनावरालाच विचारा. पण हे काम गड्यांचं. बाईनं शीळ घातली की गावाच्या पोटात दुखतं. रंभाच्या माहेरी न्हावऱ्यात बापाला चार पोरी आणि एक बैलजोडी होती, पोरगा नव्हता. थोरलीला त्यानं आठव्या वर्षी हौदापाशी उभं केलं आणि सांगितलं, "व्हट असं कर आन् फुक." झालं, तेवढीच शिकवणी.

लग्न होऊन ती राहूला आली. नवरा कोंडिबा गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीतला रस उकळताना नुसता बघून सांगायचा, की आता उतरवा. त्या कामात त्याचा हात धरणारा नव्हता, पण शीळ म्हणाल तर सायकलच्या पंक्चर ट्यूबमधून हवा निघावी तशी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी घरचा बैल पाणी पिईना. कोंडिबा फूस फूस करून दमला. नव्या नवरीला राहवलं नाही. तिनं पदर सावरला आणि ओठ गोल केले. बैलानं दोन बादल्या संपवल्या. सासू चुलीपुढून उठून दारात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता काही खरं नाही, असं कोंडिबाला वाटलं. सासू म्हणाली, "घाल बाई घाल. पर सांच्यापारी गल्लीत घालू नगंस." त्या दिवसापासून पाण्याचं काम रंभाकडं आलं ते आजपर्यंत.

आणि कान! रंभाबाईच्या कानाची तर वस्तीवर दहशतच म्हणा. विहिरीवरची मोटार जळायच्या आदल्या दिवशी ती सांगते, "तिचा आवाज बसलाय, बगा." कोंडिबा गाडीवरून उतरून अंगणात नुसता खोकला, तरी आज गूळ जमला का बिघडला ते हिला घरात कळतं. त्यामुळं त्या घरात खोटं बोलायची सोय नाही. थोरला सम्राट रांजणगावच्या कंपनीत लागला, कारेगावला खोली करून राहतो. फोनवर तो "जेवलो" म्हणाला, तरी ही म्हणते, "वडापाव खाल्लास, जेवला न्हाईस."

धाकटी गौतमी. हिनं पुण्यात एम.एस्सी. केलं आणि नोकरीबिकरी बघायची सोडून समुद्रावर गेली. सिंधुदुर्गात. डॉल्फिनच्या शिट्ट्यांवर अभ्यास करायला! कोंडिबानं गुऱ्हाळावर सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं गडी थट्टा करतोय. "शिट्ट्यांचा अभ्यास? मग पुण्याला कशाला धाडली, आईपाशीच ठेवायची की!"

दोन वर्षांत गौतमी घरी आली ती चार वेळा, तीही दोन दोन दिवस. पोरीवाचून घर खायला उठायचं. रंभाबाई कुणापाशी बोलायची नाही, पण भाकरी थापताना एक जास्तीची थापली जायची आणि मग ती म्हशीला घालायची.

तर अशी ही गौतमी यंदा फेब्रुवारीत पंधरा दिवसांसाठी आली. लॅपटॉप, हेडफोन आणि तोंडावर काळजी. पहिल्याच दिवशी रंभाबाईनं ओळखलं आणि गोठ्यात शेण भरता भरता विचारलं, "काय झालंय गं?"

गौतमीनं सांगितलं ते असं. डॉल्फिनच्या प्रत्येक जनावराची आपली एक शिट्टी असते. लहानपणीच ते ती ठरवतं आणि जन्मभर वापरतं. समुद्राच्या पाण्यात लांबचं दिसत नाही, म्हणून एकमेकांना हुडकायला ही शिट्टी.

"म्हंजी नावच की," रंभाबाई म्हणाली.

"हां, नावच. फक्त दुसऱ्यानं ठेवलेलं नाही, आपलं आपण ठेवलेलं."

"बरंय की मग. माझं रंभा ठेवलं आत्यानं, मला कुणी इचारलं व्हतं?"

गेल्या साली गौतमीच्या माणसांनी पाण्यात माईक सोडून बऱ्याच शिट्ट्या टिपल्या. त्यांतली सात नंबरची एक मादी, पाठीवरच्या पंखाला खाच पडलेली, बरोबर पिल्लू. एकदा ती कळप सोडून पिल्लाला घेऊन बोटीपाशी फिरत होती, म्हणून तिची शिट्टी नक्की माहीत झाली. बाकीच्यांची इतकी खात्री नाही. पावसाळ्यानंतर बोटी पुन्हा निघाल्या तर सात नंबर कुठंच दिसेना. चार महिने झाले. आता गौतमीच्या सरांना वरती, पैसे देणाऱ्यांना दाखवायचं होतं, की तेच डॉल्फिन वर्षानुवर्षं त्याच खाडीत येतात. ते दाखवता आलं तर काम आणखी तीन वर्षं चालेल. नाही आलं तर मार्चअखेर सगळं बंद.

"ती गेली असली तर आमचं कामही गेलं, आई," गौतमी म्हणाली. "मग मी घरीच. दादा म्हणतोय, कारेगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये जागा आहे."

खोटं कशाला सांगा, रंभाबाईच्या काळजानं उडीच मारली. कारेगाव म्हणजे तासाभराची वाट. पोरगी रोज सांजच्याला घरी! तिनं घाईनं शेणाची पाटी उचलली, तोंड दिसू नये म्हणून.

आता गौतमीचं काम असं, की शिट्ट्यांची वाटणी, म्हणजे कुठली शिट्टी कुणाची ते ठरवणं, दोन माणसांनी वेगवेगळी करायची. एकानं करून भागत नाही. मन आपल्याला पाहिजे ते ऐकतं, म्हणून दुसरा माणूस यातलं काहीच माहीत नसलेला हवा. जी मैत्रीण हे करणार होती तिची परीक्षा निघाली. गौतमी दोन दिवस फोन लावत बसली आणि तिसऱ्या दिवशी तिचं लक्ष हौदाकडं गेलं.

"आई, तू ऐकतेस?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"तेच तर पाहिजे."

मग काय! दूध डेअरीला घालून आलं की रंभाबाई ओट्यावर मांडी घालून बसायची, पदरावरून हेडफोन चढवायची. डॉल्फिनची शिट्टी फार वरच्या पट्टीतली, निमिषात संपणारी. गौतमी ती सावकाश करून ऐकवायची. पडद्यावर शिट्टीचं चित्र दिसायचं, चढ-उताराची रेघ. ते चित्र ती आईला दाखवत नव्हती. नुसतं ऐकायचं आणि सांगायचं, ही मघाचीच का दुसरी.

नंबर काही रंभाबाईच्या ध्यानात राहीनात. तिनं आपली सोय केली. पहिली शिट्टी ऐकली, जड, सपाट, एका जागी बसल्यागत. "ही दगडाबाई." दुसरी थरथरत थरथरत गेली. "ही सरूबाई. तिला न्हाई का थंडी वाजत बारमाही?" आणि तिसरी? तिसरी खालून निघाली, वर चढली, मधे जरा खाली वाकली आणि शेवटी जी उसळी मारली, की रंभाबाईनं हेडफोनच काढला.

"आगं बया! ही तर आपली अनसाबाई. भांडायला निगाली की पयलं हळू बोलती, मग चढती, मग 'जाऊ दे बाई मला काय करायचंय' म्हंती, आन् मग खरी सुरू हुती!"

गौतमी पोट धरून हसली. पण टाईप करताना तिनं तसंच टाईप केलं, दगडाबाई, सरूबाई, अनसाबाई. नावं नंतर बदलू म्हणाली. पाच दिवसांत गेल्या सालच्या सगळ्या शिट्ट्या झाल्या. आईची वाटणी आणि लेकीची वाटणी शेजारी ठेवली, तर शंभरातल्या पंच्याण्णव ठिकाणी जुळल्या. आणि अनसाबाई म्हणजेच सात नंबर. गौतमी आईकडं नुसती बघत राहिली.

हे सगळं घरातच राहिलं असतं. पण कोंडिबा! काहिलीपुढं डोळ्यांत तेल घालून बसणारा हा माणूस, तोंडावर मात्र झाकण नाही. गुऱ्हाळावर चहा पिता पिता म्हणाला, "आमच्या गौतमीच्या मशिनीत अनसाबाई मासा झालीया, आन् चार महिनं झालं बेपत्ता हाय." उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारपर्यंत ते अर्ध्या राहूला कळलं, आणि चार वाजता अंगणात खुद्द अनसाबाई उभी.

अनसाबाई शेजारच्या मळ्यातली. पासष्टीची, पण आवाज विशीतला. सुरुवात हळूच केली. "काय गं रंभे, बरी हाईस का?" मग चढली. "मी काय आईकतीय? मला मासा म्हंत्यात व्हय तुमच्या घरात?" मग जरा वाकली. "जाऊ दे बाई, मोठी शिकली तुमची पोर, आमी अडाणी." गौतमीनं श्वास रोखून आईकडं बघितलं. आणि मग अनसाबाईनं उसळी मारली ती अशी, की हौदावरच्या चिमण्या उडाल्या. गौतमीला हसू आवरेना, रंभाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडं वळली.

"हासताय व्हय! हासा!"

"अनसाबाई, तुमी बसा तर खरं," रंभाबाई म्हणाली. "मासा न्हाई वो ती. लेकराला दूध पाजती ती, आपल्यागत. गौते, ऐकव त्यास्नी."

अनसाबाईच्या कानाला हेडफोन लावला. तिनं एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा ऐकून तिनं हेडफोन हळूच मांडीवर ठेवला.

"ही मी?"

"व्हय."

"झाक हाय की गं." मग पुढं सरकून, "लेकरं किती हिला?"

"एक पिल्लू आहे, आजी," गौतमी म्हणाली. "पण आता दोघंही दिसेना झालीत."

अनसाबाई उठली, लुगडं झटकलं आणि दम भरला. "मी काय येवढ्यात जायची न्हाई. नीट हुडक तिला." दुसऱ्या दिवसापासून ती रोज चार वाजता यायची आणि आल्या आल्या विचारायची, "घावली का मी?"

राहिल्या यंदाच्या शिट्ट्या. ऑक्टोबरपासून खाडीच्या तळाशी माईक ठेवून दिला होता, तो रात्रंदिवस टिपत होता. पण यंदा त्या खाडीत बोटी वाढल्या होत्या. ज्यात त्यात इंजिनाची घरघर. गौतमीनं मोठ्या रेकॉर्डिंगमधून शिट्ट्यांचे तुकडे कापून ठेवले होते. दगडाबाई सापडली, सरूबाई सापडली, तीही धूसर. एक नवीच शिट्टी मात्र पुन्हा पुन्हा येत होती, आखूड, उंच, टोकदार, लागोपाठ दोनदा. गौतमीनं तिला बारा नंबर दिला होता, नवीन जनावर म्हणून. अनसाबाईचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी दुपारी रंभाबाईनं बारा नंबर ऐकला. मागं बोट घरघरत होती आणि त्या घरघरीच्या वरून ती शिट्टी आली. टुई, टुई. रंभाबाईचे डोळे मिटलेले होते, ते उघडले.

तिला कळलं. त्याच क्षणी कळलं. ही नवी बिवी कुणी नव्हे.

"ही कोण, आई?" गौतमीनं विचारलं.

रंभाबाईनं लेकीकडं बघितलं. केस विस्कटलेले, पायात आईची चप्पल, ताटात अर्धी भाकरी. दहा दिवसांत पोरीच्या अंगाला जरा घर लागलं होतं. आता तोंड उघडलं, की ही परत तीन वर्षं समुद्रावर. नाही उघडलं तर कारेगाव. तासाभराची वाट.

"काय की बाई," ती म्हणाली. "न्हाई वळखू येत." आणि जनावरांना पाणी दाखवायचं आहे म्हणून उठली. पाण्याची वेळ व्हायला अजून तासभर होता.

बावन्न वर्षांत रंभाबाईच्या कानानं तिला कधी फसवलं नव्हतं. आज तिनं कानाला फसवलं. त्या संध्याकाळी तिची शीळ नीट लागेना. म्हैस दोनदा मान वर काढून बघायला लागली. कोंडिबानं विचारलं, "बरं न्हाई का?" तर ही त्याच्यावरच खेकसली. चार वाजता अनसाबाई येऊन विचारून गेली होती, "घावली का मी?" आणि रंभाबाईला तिच्या तोंडाकडं बघवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी अंगणात उभी राहून सम्राटशी फोनवर बोलत होती. रंभाबाई आत चुलीपाशी. गौतमी म्हणाली, "हो दादा. चालेल. बोलून ठेव. सोमवारी येते मुलाखतीला." मग हसलीही. "नाही रे, वाईट कसलं वाटायचंय. बरंच झालं, घरी राहीन."

शब्द सगळे चांगले होते. पण आवाज! त्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. लहानपणी बाभळीचा काटा पायात मोडला होता, तेव्हा रडू नये म्हणून पोरगी असंच सपाट बोलली होती. रंभाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जळाली. आपण घरी कुणाला ठेवून घेतोय? पोरीला, का पोरीच्या नुसत्या सांगाड्याला? तिची तिलाच लाज वाटली, डोळे भरून आले, आणि मग स्वतःचाच असा राग आला, की तवा खाली आदळून ती बाहेर आली.

"फोन ठिव. ठिव म्हंते ना! चल गोठ्यात."

"आई, काय झालं?"

"चल आन् तुजा मोबाईल आण. माजी शीळ भरून घे त्यात."

गौतमीनं मोबाईल धरला. रंभाबाई हौदापाशी उभी राहिली आणि रोजची शीळ घातली. खालून उठलेली, वर लांबलेली, हलकेच उतरलेली. म्हैस येऊन प्यायला लागली. मग रंभाबाई कोंडिबाला म्हणाली, "कुट्टी चालू करा." कोंडिबानं बटन दाबलं. कडबा कापणाऱ्या त्या यंत्राचा आवाज तुम्हाला माहीत आहे. शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. म्हशीनं मान वर काढली. त्या गदारोळात रंभाबाईनं पुन्हा शीळ घातली, पण आता खालचा भाग नाही, लांबण नाही. नुसतं वरचं टोक, नेहमीपेक्षा चढं, आखूड, लागोपाठ दोनदा. म्हशीनं निमूट हौदात तोंड घातलं.

कुट्टी बंद झाली तेव्हा गौतमी मोबाईलकडं बघत होती.

"रोज कुट्टीच्या वक्ताला मी अशीच घालते," रंभाबाई म्हणाली. "खालचा सूर कुट्टी खाऊन टाकती. मग तो घालून काय उपेग? वरचं तेवढं फेकायचं, दोनदा. म्हस वळखती का न्हाई? वळखती. तुजी ती बारा नंबरची तसंच करतीया. मागं बोट हाय. अनसाबाईच हाय ती, फक्त शेवटची उसळी तेवढी फेकतीया."

गौतमी धावत ओट्यावर गेली. सात नंबरचं चित्र आणि बारा नंबरचं चित्र एकाखाली एक लावलं. सातच्या शेवटची उसळी आणि बाराची रेघ. वळण तेच, जरा वर सरकलेलं. तिनं चित्र मोठं करून पुन्हा बघितलं. पण शिकलेली पोरगी, लगेच म्हणाली, "दिसतंय खरं. पण सर म्हणतील, कशावरून? सारखं दिसलं म्हणून तेच जनावर असं होत नाही."

"कुट्टी बंद झाल्यावर मी काय करते?"

"काय करतेस?"

"परत पयल्यागत घालते. बोट बंद झाल्यावर ती काय करती ते ऐकव की मला."

गौतमीनं कपाळावर हात मारला. तिनं तर शिट्टीपुरते तुकडे कापून घेतले होते, पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं! तिनं मूळ लांबलचक रेकॉर्डिंग काढलं. बारा नंबर कुठं कुठं आली आणि त्यानंतर बोटीचं इंजिन कुठं बंद झालं, हे हुडकण्यात दिवस गेला. जेवण ओट्यावरच झालं. चारला अनसाबाई आली, तीही हलेना, भिंतीला टेकून बसली. कोंडिबा गुऱ्हाळावर गेलाच नाही. काहिलीला आज दुसरा गुळव्या मिळू दे म्हणाला.

साडेचारच्या सुमाराला गौतमीनं हेडफोनची वायर काढली आणि आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू येईल असा. बोटीची घरघर. तिच्यावरून टुई, टुई. पुन्हा टुई, टुई. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पाण्याचा बुडबुड आवाज राहिला. आणि मग त्या शांततेत खालून उठली, वर चढली, मधे जरा वाकली आणि शेवटी जी काही उसळी मारली!

"घावली!" अनसाबाई ओरडली. "मी घावले गं बाई! जित्ती हाय मी!"

गौतमी आईच्या गळ्यात पडून रडत होती का हसत होती ते कळेना. कोंडिबाला काय करावं सुचेना म्हणून त्यानं आत जाऊन गुळाची ढेप फोडली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. तशा आणखी चार जागा सापडल्या. इंजिन बंद झालं, की पाचही वेळा बारा नंबरची सात नंबर झाली. एका जागी तर तिच्या मागून एक कोवळी, अर्धवट शिट्टी आली. "पिल्लू असेल," गौतमी हळूच म्हणाली, "पण नक्की सांगता नाही यायचं." अनसाबाईनं मात्र डोळे पुसून सांगून टाकलं, की तेच हाय.

सरांना पाठवलं. सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः सगळं ऐकलं, मोजलं आणि दुपारी फोन केला. कोंडिबानं तो उचलून "जयभीम सर" म्हणून घाईघाईनं गौतमीला दिला. काम चालू राहणार होतं, तीन वर्षं. खाडीत बोटींच्या आवाजानं डॉल्फिनच्या शिट्ट्या कशा बदलतात, हे आता गौतमीच बघणार. सर आणखी काहीतरी म्हणाले आणि गौतमी लाजून हसली. नावं बदलायची राहूनच गेली होती. सर विचारत होते, की सगळ्या तक्त्यात ही अनसाबाई कोण आहे, आणि तसंच राहू दे म्हणाले.

रविवारी गौतमी निघाली. केडगावला गाडी पकडायची होती. कोंडिबा मोटरसायकलला किक मारत बाहेर उभा होता. रंभाबाई आत पिशवी भरत होती, चटणी, गूळ, पाच भाकऱ्या. पिशवीचा बंद बांधता बांधता तिचा हात थांबला.

"गौते, एक सांगू का? रागावू नगंस."

"काय?"

"मी आदल्या दिशीच वळखलं व्हतं. बारा नंबर ऐकली तवाच. आन् गप बसले." तिनं बंदाला गाठ मारली. "म्हनलं, न्हाई सांगितलं तर घरी ऱ्हाशील."

रंभाबाईला वर बघवेना, ती बंदाच्या गाठीकडंच बघत राहिली. बाहेर कोंडिबानं हॉर्न वाजवला.

मग गौतमी खाली बसली, आईच्या समोर, आणि तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"एकच दिवस?" ती म्हणाली. "आई, तुझ्या जागी मी असते ना, तर महिनाभर तोंड उघडलं नसतं."